बाळ एकीचे, सांभाळ कळपाचा

हत्तीच्या कळपात पिल्लू जन्माला येते तेव्हा ते एका हत्तिणीचे असले, तरी त्याची जबाबदारी तिच्या एकटीची राहत नाही. आजी, मावश्या, थोरल्या बहिणी, मावसबहिणी अशा साऱ्या माद्या पहिल्या क्षणापासून त्याच्याभोवती वावरू लागतात. त्याला उभे करणे, त्याच्यावर सावली धरणे, चिखलातून बाहेर काढणे, शत्रूच्या नजरेआड ठेवणे ही कामे त्या वाटून घेतात. माणसाला या वागण्याचे कौतुक पूर्वीपासूनच आहे. मात्र गेल्या पन्नास वर्षांतील अभ्यासाने त्यापुढची गोष्ट दाखवून दिली. पिल्लू जगणार की दगावणार, हे बऱ्याच अंशी त्याच्या अवतीभवती कोण कोण आहे यावर ठरते. त्यामुळे हत्तींच्या संरक्षणाचा विचार करताना केवळ हत्तींची संख्या मोजून भागत नाही.

बावीस महिन्यांची प्रतीक्षा

जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत सर्वांत दीर्घ गर्भारपण हत्तिणीचे असते. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातील हत्तीण सुमारे २२ महिने गर्भ वाहते. आशियाई हत्तिणीत हा काळ १८ ते २२ महिन्यांचा असतो. एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. जुळ्यांचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. दोन बाळंतपणांत साधारण चार ते पाच वर्षांचे अंतर पडते. साठ वर्षांच्या आयुष्यातही हत्तीण मोजक्याच वेळा माता होते. साहजिकच एकेक पिल्लू कळपासाठी मोलाचे ठरते.

जन्मतः पिल्लाचे वजन शंभर किलोच्या आसपास असते आणि उंची मीटरभराहून थोडी कमी. वर्षभराच्या आतील पिल्लू आईच्या पोटाखालून सहज जाऊ शकते. रानात पिल्लाचे वय ओळखण्यासाठी अभ्यासक हीच खूण वापरतात. आकाराने असे दांडगे दिसणारे हे बाळ प्रत्यक्षात फार परावलंबी असते. पहिले काही महिने ते पूर्णपणे दुधावर वाढते. पुढे चारा खाऊ लागले तरी त्याचे दूध कित्येक वर्षे सुटत नाही. दोन वर्षांच्या आत आई गेली, तर रानातील पिल्लू क्वचितच जगते.

जन्मभराचे माहेर

नवजात पिल्लाभोवती इतकी नातलग मंडळी कुठून येतात, हे समजण्यासाठी हत्तींची कुटुंबरचना पाहावी लागते. हत्तिणीला सासर नसते. ती ज्या कुटुंबात जन्मते त्यातच वाढते, तिथेच बाळंत होते आणि बहुधा तिथेच म्हातारी होते. आपल्याकडे मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. हत्तिणीची सगळीच बाळंतपणे माहेरी होतात. नर मात्र वयात येताना कुटुंबाबाहेर पडतात आणि एकटे किंवा इतर नरांच्या सोबतीने राहतात. पिल्लाच्या संगोपनात बापाचा काही वाटा नसतो.

कुटुंबाचे नेतृत्व सहसा सर्वांत वयस्क मादी करते. पाणी कुठे आहे, कोणत्या वाटेने जायचे, धोका दिसला तर थांबायचे की पळायचे, याबाबत बाकीच्या तिच्याकडे पाहतात.

ही रचना सर्वांत बारकाईने टिपली गेली ती केनियातील अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात. किलिमांजारो पर्वताच्या सावलीतील या प्रदेशात सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये हत्तींचा अभ्यास सुरू केला. कानांच्या कडांवरील खाचा, छिद्रे आणि सुळ्यांचे आकार यांवरून एकेक हत्ती ओळखायचा, त्याला नाव द्यायचे, त्याच्या कुटुंबाची नोंदवही ठेवायची, अशी ही पद्धत. कोण कोणाची मुलगी, कोणती कोणाची मावशी, कोणाला केव्हा पिल्लू झाले आणि ते जगले की नाही, याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद त्यातून उभी राहिली. हत्तींच्या कुटुंबाविषयी आज जे खात्रीने सांगता येते, त्यातील मोठा भाग याच नोंदींवर आधारलेला आहे.

जन्माची घटका

रानात हत्तिणीची प्रसूती डोळ्यांनी पाहायला मिळणे दुर्मीळ असते, कारण ती बहुधा रात्री होते. ज्या मोजक्या प्रसूती पाहिल्या गेल्या, त्यांच्या वर्णनांत बरेच साम्य आहे. पिल्लू जमिनीवर पडताच आई सोंडेने आणि पायाने त्याच्या अंगावरील आवरण दूर करते. आजूबाजूच्या माद्या धावत जवळ येतात. सोंडा पुढे करून त्या पिल्लाचा, आईचा आणि ओल्या जमिनीचा वास घेतात. घशातून खोल घुमणारे आवाज निघतात, मध्येच तुतारीसारखा चीत्कार होतो. आफ्रिकी हत्तींत डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथींतून स्राव गालांवर ओघळतो. अतिशय उत्तेजित झाल्याची ती खूण असते. दुरून परतलेले नातलग भेटतात तेव्हाही हत्ती असेच वागतात.

या स्वागतातील काही आवाज माणसाला ऐकूच येत नाहीत. अमेरिकेतील पोर्टलँडच्या प्राणिसंग्रहालयात १९८४ मध्ये केटी पेन यांना हत्तींच्या कोठाराजवळ हवेत एक प्रकारची थरथर जाणवली. ध्वनिमुद्रण तपासल्यावर हत्ती माणसाच्या श्रवणमर्यादेखालील सुरांत बोलत असल्याचे स्पष्ट झाले. हे सूर लांबवर पोहोचतात आणि त्यांच्या आधारे विखुरलेल्या कुटुंबांना एकमेकांचा माग ठेवता येतो.

स्वागतानंतर लगेच कामाला सुरुवात होते. पिल्लाने उभे राहणे ही पहिली निकड. आई त्याच्या पोटाखाली पाऊल सरकवते, सोंडेचा आधार देते. बहुतेक पिल्ले तासाभराच्या आसपास धडपडत उभी राहतात. त्यानंतर दूध शोधायचे असते. हत्तिणीचे स्तन पुढच्या दोन पायांच्या मध्ये असतात आणि पिल्लू सोंडेने नव्हे, तोंडाने दूध पिते. नेमकी जागा सापडेपर्यंत ते मागच्या पायांशी, पोटाशी, कधी मावशीच्या अंगाशीही चाचपडते. अनुभवी आई पुढचा पाय थोडा पुढे टाकून त्याची वाट सोपी करते. पहिलटकरीण कधी कधी गोंधळते आणि अशा वेळी वयस्क माद्यांची जवळीक उपयोगी पडते. बंदिवासात अननुभवी हत्तिणीने स्वतःच्याच नवजात पिल्लावर हल्ला केल्याची उदाहरणे आहेत. म्हणून काही प्राणिसंग्रहालयांनी बाळंतिणीला एकटे बांधून ठेवण्याची जुनी पद्धत सोडली आणि प्रसूतीच्या वेळी इतर माद्यांना तिच्या सोबत राहू देण्यास सुरुवात केली.

शिकण्याची वर्षे

पिल्लाला सर्वाधिक त्रास देते ती त्याची स्वतःची सोंड. हजारो स्नायुपुंजांनी बनलेला हा अवयव सुरुवातीला त्याच्या ताब्यात नसतो. सोंड लोंबते, पायाखाली येते, तोंडात घालून चोखली जाते. पाणीही ते आधी गुडघे टेकून तोंडानेच पिते. सोंडेत पाणी ओढून तोंडात सोडण्याचे कसब यायला काही महिने जातात.

काय खावे हेही त्याला पाहूनच कळते. आईच्या किंवा मावशीच्या तोंडात सोंड घालून ते चाऱ्याचा वास घेते आणि घासातला तुकडा काढून चाखते. मोठ्या हत्तींची ताजी विष्ठाही पिल्ले खातात. हा प्रकार पाहणाऱ्याला विचित्र वाटला तरी चारा पचवण्यासाठी लागणारे सूक्ष्मजीव त्यातूनच पिल्लाच्या आतड्यात पोहोचतात. लहान पिल्लू बरोबर असलेला कळप सावकाश चालतो. ते झोपले की मोठे हत्ती त्याच्याभोवती उभे राहतात आणि भर उन्हात त्यांच्या अंगाची सावली त्याच्यावर पडते.

मुलींची शिकवणी

या साऱ्यात सर्वांत उत्साही असतात त्या अजून माता न झालेल्या तरुण माद्या. पिल्लू किंचित किंकाळले तरी आईच्या आधी त्या धावतात. खड्ड्यात पडलेल्या पिल्लाला ढकलून वर काढणे, भरकटलेल्याला सोंडेने वळवून आणणे, झोपलेल्याजवळ पहारा देणे ही कामे त्या हौसेने करतात. अंबोसेलीत फिलिस ली यांनी या वागण्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९८७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या कुटुंबांत अशा सांभाळणाऱ्या माद्या अधिक होत्या, तेथील पिल्ले पहिल्या दोन वर्षांत जगण्याचे प्रमाणही अधिक होते.

हा व्यवहार एकतर्फी नाही. आईला चरायला आणि दुधासाठी लागणारी ताकद भरून काढायला वेळ मिळतो. तरुण मादीला स्वतःचे पिल्लू होण्याआधी बाळ हाताळण्याचा अनुभव मिळतो. अंबोसेलीतील हत्तीण साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी प्रथम माता होते. तोपर्यंत तिने भावंडे आणि मावसभावंडे सांभाळलेली असतात.

मात्र या मदतीला एक मर्यादा आहे. तरुण मावशीच्या अंगाशी पिल्लू चोखण्यासाठी बिलगले तर ती त्याला दूर लोटत नाही. त्यातून पिल्लाला धीर मिळतो, पोट भरत नाही. दुधावर असलेली दुसरी हत्तीण आपले दूध बहुधा आपल्याच पिल्लासाठी राखते. ‘माय मरो, मावशी जगो’ ही आपल्याकडची म्हण. हत्तींच्या जगात तिचा उत्तरार्ध खरा आहे, पूर्वार्ध नाही. मावशी पिल्लाला वाघ-सिंहापासून वाचवू शकते, उपासमारीपासून वाचवणे मात्र तिच्या हाती नसते.

एलीचे तीन दिवस

कळप पिल्लासाठी किती थांबू शकतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अंबोसेलीतीलच आहे. ‘एको’ ही तिथल्या एका कुटुंबाची प्रमुख. १९९० मध्ये तिला झालेल्या पिल्लाचे पुढचे दोन्ही पाय सांध्यातून मुडपलेले होते आणि सरळ होत नव्हते. ‘एली’ असे नाव मिळालेले हे पिल्लू मुडपलेल्या सांध्यांवर रांगत पुढे सरकत होते. उभेच राहता येत नसल्याने दूध पिणेही अवघड झाले होते. ते जगणार नाही, असेच निरीक्षकांना वाटत होते.

एकोने त्याला सोडले नाही. तिची आठ वर्षांची मुलगी एनिड हीदेखील सोबत थांबली. कडक उन्हात दोघी एलीच्या रांगण्याच्या गतीने चालत राहिल्या, तो थकला की थांबत राहिल्या, त्याला उचलू पाहत राहिल्या. तिसऱ्या दिवशी एलीने पाय ताणून पहिल्यांदा तळवे जमिनीला टेकवले. छायाचित्रकार मार्टिन कोलबेक यांनी हा प्रसंग चित्रित केला आणि एको जगभर ओळखली जाऊ लागली. एली जगला आणि मोठा झाला. एकोचा मृत्यू २००९ मध्ये, अंबोसेलीतील भीषण दुष्काळाच्या वर्षी झाला.

आजी असेल तर

तरुण माद्या पिल्लाला हाताळतात. म्हाताऱ्या माद्यांचा उपयोग वेगळा असतो, आणि तो अनेकदा संकट आल्यावरच कळतो. म्यानमारमधील लाकूडतोडीच्या कामावरील हत्तींच्या अनेक दशकांच्या सरकारी नोंदी मिर्का लाहदेनपेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, वीस वर्षांखालील मातेच्या पिल्लाला आजीचा सहवास असेल, तर त्याच्या मृत्यूचा धोका आजी दुसरीकडे असलेल्या पिल्लाच्या तुलनेत आठपट कमी असतो. पिल्लाची आई स्वतः अनुभवी असेल तेव्हा हा फरक इतका उरत नाही. आजीचा खरा उपयोग नवख्या आईला होतो.

टांझानियातील तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात १९९३ मध्ये तीव्र दुष्काळ पडला. चार्ल्स फोली व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेल्या नोंदींनुसार, पाहणीतील ८१ पिल्लांपैकी १६ पिल्ले नऊ महिन्यांत दगावली. हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. एरवी ते दोन टक्क्यांच्या आसपास असते. तरुण मातांची पिल्ले अधिक मेली. ज्या गटांनी उद्यान सोडून बाहेरची वाट धरली, त्यांची पिल्ले तुलनेने वाचली. त्या भागात १९५८ ते १९६१ या काळातही असाच दुष्काळ पडला होता. तो सोसलेल्या वयस्क माद्यांना पाणी-चाऱ्याच्या दूरच्या जागा आठवत असाव्यात, असा अभ्यासकांचा कयास आहे.

धोका ओळखण्यातही वय कामी येते. कॅरन मॅकोम्ब आणि सहकाऱ्यांनी अंबोसेलीत सिंहांच्या डरकाळ्यांची ध्वनिमुद्रणे कळपांना ऐकवली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, साठीच्या पुढच्या प्रमुख मादीच्या कळपांनी सिंहाची डरकाळी सिंहिणीच्या डरकाळीपेक्षा अधिक गांभीर्याने घेतली. नर सिंह पिल्लाला अधिक घातक असतो, त्यामुळे हा भेद कळणे महत्त्वाचे. तरुण प्रमुख असलेल्या कळपांना तो तितका जमला नाही. याच गटाने २०१४ मध्ये दाखवले की हत्ती माणसांचे आवाजही पारखतात. हत्तींवर भाले चालवण्याचा इतिहास असलेल्या मसाई समाजातील पुरुषांचा आवाज ऐकताच कळप एकवटतो. कांबा समाजातील पुरुषांच्या किंवा मसाई स्त्रियांच्या आवाजाने तो तितका दचकत नाही.

आशियाई कळप आणि ‘मावशी’

ही बरीचशी माहिती आफ्रिकेतील असली, तरी आशियाई हत्ती याला अपवाद नाहीत. त्यांचे कळप तुलनेने लहान असतात आणि सोबती बदलत राहतात. श्रीलंकेतील उडा वालावे उद्यानात शर्मिन डी सिल्वा यांनी केलेल्या अभ्यासात, रोज वेगवेगळ्या गटांत दिसणाऱ्या माद्यांचे मैत्रीचे धागे वर्षानुवर्षे टिकत असल्याचे २०११ मध्ये दिसून आले. भारतात पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि पी. व्ही. नायर यांनी, शिबिरांतील पाळीव हत्ती रानात मोकळे सोडल्यावर एकमेकांशी कसे वागतात, यावरील निरीक्षणे १९८४ मध्ये प्रसिद्ध केली होती.

त्याही आधी ब्रह्मदेशातील सागवानाच्या जंगलांत काम केलेले जे. एच. विल्यम्स यांनी १९५० मधील आपल्या ‘एलिफंट बिल’ या पुस्तकात एक प्रथा नोंदवली आहे. गाभण हत्तीण कळपातील एखादी मादी सोबतीण म्हणून निवडते आणि प्रसूतीनंतर दोघी पिल्लाला मध्ये घेऊन वावरतात. वाघापासून त्याचा बचाव करायला एकटी आई पुरत नाही. या सोबतिणीला विल्यम्स यांनी ‘मावशी’ याच अर्थाचा शब्द वापरला आहे.

कडे करणे, आणि त्याची किंमत

धोका जाणवताच पिल्लांना मध्ये घेऊन मोठ्या माद्यांनी भोवती कडे करणे, हा हत्तींचा मुख्य बचाव आहे. सोंडा वर, कान फैलावलेले, तोंडे बाहेर. वाघ, सिंह किंवा तरस यांच्यापुढे ही भिंत जवळपास अभेद्य ठरते. माणसाने आणलेल्या संकटांपुढे मात्र हीच सवय जिवावर बेतते.

सप्टेंबर २०१० मध्ये पश्चिम बंगालच्या जलपैगुडी जिल्ह्यात बनारहाटजवळ रात्री मालगाडीच्या धडकेने सात हत्ती मरण पावले. रुळांवर अडकलेल्या पिल्लांना वाचवण्यासाठी बाकीचे हत्ती तिथे गोळा झाले होते, असे त्या वेळी अधिकाऱ्यांनी सांगितले. पळून जाणे शक्य असताना कळप थांबला तो पिल्लांसाठी. हत्तींच्या वाटांवर रात्री गाड्यांचा वेग कमी ठेवण्याची मागणी होते, तिच्यामागे हे कारण आहे. रुळावर एक पिल्लू असणे म्हणजे तिथे अख्खे कुटुंब असणे होय.

कुटुंब मोडले की

दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात हत्तींची संख्या मर्यादेत ठेवण्यासाठी १९६७ ते १९९४ या काळात त्यांना ठार मारले जाई. त्यातून वाचवलेली काही पिल्ले पिलानेसबर्ग उद्यानात सोडण्यात आली. तिथे ती मोठ्यांविनाच वाढली. १९९२ ते १९९७ या काळात त्यांतील तरुण नरांनी तिथले चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. वयाने मोठे सहा नर १९९८ मध्ये आणून सोडल्यावर हा प्रकार थांबला. माद्यांवरील परिणाम अधिक सूक्ष्म होता. ग्रॅमी शॅनन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की ओळखीच्या आणि अनोळखी हत्तींच्या हाका वेगळ्या ओळखून योग्य प्रतिसाद देणे पिलानेसबर्गमधील माद्यांना अंबोसेलीतील माद्यांइतके जमत नाही. हत्याकांडाला तोवर काही दशके लोटली होती.

हस्तिदंतासाठी होणाऱ्या शिकारीचा हिशेबही असाच अपुरा राहतो. केनियातील सांबुरू येथील नोंदींवर आधारित २०२१ च्या एका अभ्यासात, आई गमावलेली पिल्ले त्यांच्या वयाच्या इतर पिल्लांपेक्षा अधिक प्रमाणात मरतात, आणि दूध सुटलेल्या वयातही हा फरक राहतो, असे आढळले. चोरट्या शिकारीत मेलेल्या हत्तींची मोजणी होते. पुढल्या काही वर्षांत आधाराविना दगावणारी पिल्ले त्या मोजणीत येत नाहीत.

पोरक्या पिल्लांना माणसाने वाढवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग नैरोबीत झाला. डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी १९७७ मध्ये पतीच्या स्मरणार्थ संस्था स्थापन केली. हत्तीच्या पिल्लाला मानवेल असे दूध तयार करण्यात त्यांची अनेक वर्षे गेली. खोबरेल तेलाचा वापर त्यात निर्णायक ठरला. मात्र दुधाने प्रश्न अर्धाच सुटला. १९७४ मध्ये त्यांनी वाढवलेले आयेशा हे पिल्लू, त्या मुलीच्या लग्नासाठी काही दिवस दूर गेल्या असता खंगून मेले. त्यातून धडा घेऊन पुढे संस्थेने राखणदारांची पाळी लावली. ते पिल्लांजवळच झोपतात आणि रोज बदलतात, म्हणजे पिल्लाचा जीव एकाच माणसात न गुंतता सगळ्या गोतावळ्यात वाटला जातो. हत्तींच्या कुटुंबाचीच ही नक्कल म्हणता येईल. इथे वाढून त्सावोच्या रानात गेलेल्या हत्तिणी पुढे माता झाल्या, तेव्हा सोबत वाढलेल्या इतर पोरक्या माद्या त्यांच्या पिल्लांच्या मावश्या बनल्या. रक्ताचे नाते नसतानाही हे घडले, ही नोंद महत्त्वाची आहे.

तमिळनाडूतील मुदुमलाईच्या थेप्पकाडू शिबिरात बोम्मन आणि बेल्ली या दांपत्याने रघू आणि अम्मू या पिल्लांना वाढवल्याची कहाणी २०२३ मध्ये ऑस्कर मिळालेल्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या माहितीपटामुळे घरोघरी पोहोचली. असे यश हृद्य असले तरी तो शेवटचा उपाय असतो. म्हणूनच कळपापासून दुरावलेले पिल्लू सापडले की वन कर्मचारी आधी त्याला कळपाकडे परत नेण्याचा प्रयत्न करतात.

गेलेल्या पिल्लासाठी

पिल्लाशी असलेले कळपाचे नाते त्याच्या मृत्यूनेही लगेच तुटत नाही. मृत पिल्लाजवळ माद्या तास न्‌ तास, कधी दिवसभरही उभ्या राहिल्याची, सोंडेने ते उचलून नेण्याचा प्रयत्न केल्याची अनेक निरीक्षणे आहेत. उत्तर बंगालमधील चहाच्या मळ्यांत पाटाच्या चरांत पुरलेली पाच पिल्ले आढळल्याचे परवीन कासवान आणि आकाशदीप रॉय यांनी २०२४ मध्ये नोंदवले. पिल्ले पाठीवर पडलेली होती, पाय वर होते आणि अंगावर माती लोटलेली होती. हत्तींनी मृत पिल्ले चरापर्यंत ओढत आणून पुरली, असे या लेखकांचे म्हणणे आहे. हत्तींना त्यातून नेमके काय वाटत असेल, याविषयी शास्त्रज्ञ सावधपणेच बोलतात.

गडचिरोलीपुढील प्रश्न

महाराष्ट्राला हा विषय आता परका राहिलेला नाही. सिंधुदुर्गात दोन दशकांपूर्वीच कर्नाटकातून हत्ती उतरू लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे एक मोठा कळप गडचिरोलीत आला आणि पूर्व विदर्भातील गावांना हत्तीची ओळख नव्याने झाली. धानाची नासाडी, घरांची पडझड, माणसांचे मृत्यू हे त्यातील वास्तव आहे आणि शेतकऱ्याला वेळेवर भरपाई मिळणे हा त्याचा हक्क आहे. मात्र कळप दिसताच गर्दी जमवणे, फटाके फोडणे, मोबाईलवर चित्रण करण्यासाठी जवळ जाणे हे प्रकार कोणाच्याच हिताचे नाहीत. कळपात लहान पिल्लू असेल तर तो वेगाने दूर जाऊ शकत नाही. त्याच्या माद्या मागे हटण्याऐवजी पिल्लाभोवती उभ्या राहतात आणि वाट अडवणाऱ्यावर धावून जातात. पाठलागात पिल्लू मागे पडले, तर संध्याकाळपर्यंत शांत असलेला कळप रात्री त्याच जागी परत येतो.

भारतातील हत्तींची डीएनएवर आधारित गणना २०२५ मध्ये जाहीर झाली. त्यानुसार देशात २२,४४६ हत्ती आहेत. हा आकडा आवश्यक आहे, पण त्यात वाट माहीत असलेली आजी आणि पिल्लामागे धावणारी दहा वर्षांची मावशी वेगळी दिसत नाही. विजेच्या तारेला लागून किंवा रेल्वेखाली एक वयस्क हत्तीण मरते तेव्हा गणनेतून एकच आकडा वजा होतो. तिच्या मुलींना पुढच्या दुष्काळात पाण्याची वाट कोण दाखवणार, हा प्रश्न मात्र त्या कळपात जन्मणाऱ्या प्रत्येक पिल्लापुढे राहतो.